चाळीस दिवस आणि पापलेट

राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा आमचा उपवासाचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. त्याच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये एक सूचना ठरलेली असते: घरातल्या जुन्या झावळ्या आणून द्या. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद देऊन वाटलेल्या नारळाच्या पात्या वर्षभर घरोघरी तसबिरींच्या मागे खोचलेल्या असतात. त्या गोळा करून जाळतात, राख चाळतात आणि तीच राख बुधवारी कपाळावर येते. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकायची नसते, एक तर जाळायची नाहीतर पुरायची, हे मला माझ्या आईने शिकवलं आणि माझ्या मुलीलाही तिनेच शिकवलं. माझं काम फक्त स्टूल धरायचं. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागून मुलीने पात्यांचे विणलेले दोन क्रूस काढले, एक गेल्या वर्षीचा आणि एक कधीचा कोण जाणे, आणि सोबत पालीचं अंडं. "हेही चर्चमध्ये द्यायचं का?" तेव्हा तिसरीत होती, सगळं विचारायची.

ही गोष्ट २०२५ च्या प्रायश्चित्तकाळाची. आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, तेव्हा दहावीत असलेला मुलगा आणि ही धाकटी, वसई रोड स्टेशनजवळ एका इमारतीत राहतो. आई-बाबा आणि थोरला भाऊ निर्मळच्या बाजूला वाडीत. तिथे अजून केळी आहे, विहीर आहे, अंगणात चुन्याचा क्रूस आहे. शनिवार-रविवारी आम्ही तिकडे असतो, बाकीचा आठवडा विरार लोकलचा.

प्रायश्चित्तकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, येशूने रानात उपवास केला तेवढ्या दिवसांचा. पण कॅलेंडर घेऊन बसलं तर हिशेब जुळत नाही. ५ मार्चचा बुधवार ते १९ एप्रिलचा शनिवार, मोजले तर ४६ दिवस भरतात. मुलीने बोटं ठेवून मोजले आणि फसवणूक पकडल्यासारखा चेहरा केला. मग बायकोने सांगितलं की रविवार धरत नाहीत. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. सहा रविवार वजा, राहिले चाळीस. मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी चॉकलेट सोडलं तर रविवारी खाल्लं तरी चालेल?" धर्मशास्त्र इतक्या वेगाने उमगलेलं मी दुसरं माणूस पाहिलं नाही.

नियम तसे सोपे आहेत. पूर्ण उपवासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एक पोटभर जेवण आणि लागलंच तर दोन वेळा थोडंसं. हा उपवास १८ ते ५९ वयाच्या माणसांना. मांसत्याग मात्र चौदा वर्षं पुरी झालेल्या सगळ्यांना, या काळातल्या प्रत्येक शुक्रवारी. मांस म्हणजे मटण, चिकन, डुकराचं. मासे चालतात. आता अर्नाळ्याच्या आणि पाचूबंदराच्या होड्या ज्यांच्या दाराशी लागतात त्या वसईकराला मटण सोडून पापलेट खायला सांगणं ही शिक्षा आहे की बक्षीस, हे ठरवणाऱ्यांनी वसई पाहिली नसणार. माझी आई म्हणूनच ही पळवाट मानत नाही. तिच्याकडे शुक्रवारी डाळ, भात आणि वालाची भाजी. वयाने तिला उपवास कधीच माफ झालाय, पण तिला तो लागू नाही हे सांगायची हिंमत आमच्या फादरांचीही नाही. शिवाय ती या काळात चहा सोडते. सकाळी पाचला उठणारी बाई, दिवसाचे चार चहा ठरलेले, आणि चाळीस दिवस एक घोट नाही. तिचे चाळीस नसतातच खरं तर, ४६ असतात. तिला रविवारची सूट ठाऊक आहे, ती घेत नाही.

मंगळवारी रात्री जेवताना आमचे संकल्प झाले. हे आमच्याकडे दरवर्षी होतं आणि दरवर्षी त्याला ग्रामसभेचं रूप येतं. मुलीने चॉकलेट सोडलं, रविवार वगळून, हे तिने लिहूनच घेतलं. मुलाची बोर्डाची परीक्षा चालू होती, त्याला १७ तारखेपर्यंत मोकळीक दिली. मी जाहीर केलं की घरात पाऊल टाकलं की फोन फ्रिजवरच्या डब्यात जाईल आणि झोपेपर्यंत बाहेर येणार नाही. सगळे बायकोकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मी काही सोडत नाही. तुम्ही तिघं जे सोडाल ते सांभाळायला कोणीतरी लागेल ना?" हा विनोद नव्हता हे मला पुढच्या शुक्रवारी कळलं. सोडलेल्या गोष्टीचे पैसे बरणीत टाकायचे असंही ठरलं. माझे स्टेशनवरच्या वडापावचे आणि कटिंगचे, मुलीचे चॉकलेटचे. चर्चमध्ये या काळात गरजूंसाठी निधी गोळा होतो, त्यात ती बरणी रिकामी करायची.

बुधवारी पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मुलगा स्वतःहून उठून आला. त्याचा त्या दिवशी बीजगणिताचा पेपर. फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला, माती आहेस आणि मातीत मिळशील हे वाक्य ऐकवलं, आणि पोरगा तसाच अकरा वाजता वर्गात जाऊन बसला. पुसू का, असं त्याने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, तुझं तू ठरव. त्याने ठेवला. त्यामागे श्रद्धा किती आणि बीजगणित किती, हे मी खोदून विचारलं नाही.

माझी गाडी चर्चगेटची. आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं, टाळ असतात, कोणी चढलं की कपाळाला बुक्का लागतो. वर्षानुवर्षं मी त्यांच्या शेजारी उभा राहून पेपर वाचतो. त्या दिवशी टाळवाल्या काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि बुक्क्याची डबी घेतलेला हात तसाच थांबला. "आज तुमचा आधीच लागलेला दिसतोय," ते म्हणाले. मी सांगितलं, राख आहे, आजपासून आमचे उपवास. त्यांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं, "सरक रे, उपाशी माणूस आहे," आणि मला तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली. वसई ते भाईंदर चौथी सीट म्हणजे काय, हे रोज जाणाऱ्यालाच कळेल.

ऑफिसात मात्र माझी जरा पंचाईत झाली. २ मार्चपासून रमजान सुरू झालेला. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मित्र रोजे ठेवतो. दुपारी त्याने आपुलकीने चौकशी केली. पाणी चालतं का? चालतं. चहा? चालतो. एक वेळ पूर्ण जेवण? तेही चालतं. शुक्रवारी मासे? हो. तो सभ्य माणूस आहे, पुढे काही बोलला नाही. पलीकडून साताऱ्याचा सहकारी मदतीला आला, म्हणाला, संकष्टीला मी साबुदाण्याचे वडे खातो, तेही तळलेले, तर तू वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येकाच्या उपवासात एक पापलेट असतंच, फक्त ज्याचं त्याला दिसत नाही. रोजा ठेवणाऱ्या मित्राचं पापलेट कुठलं ते मला अजून सापडलेलं नाही. तिथे खरंच नसावं.

आता त्या शुक्रवारचं सांगतो. फोन डब्यात ठेवायला लागून दोनच संध्याकाळी झाल्या होत्या, पण ऑफिसातून आलेला माणूस फोनशिवाय घरात फिरायला लागला की त्याला काय काय दिसतं! गळणारा नळ दिसतो. मुलाने टेबलावर पसरलेली पुस्तकं दिसतात. कालचं भांडं आजही तिथेच आहे हे दिसतं. आणि दिसलं की तो बोलतो. मी बोलत होतो. मुलाचा भूमितीचा पेपर त्याच दिवशी झालेला, त्यावरही माझं मत होतं. संध्याकाळी मिस्साला गेलो तर पहिल्या वाचनाची पाळी नेमकी बायकोची. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा ५८ वा अध्याय वाचतात. तुम्ही उपवास करता तो भांडायला आणि हाणामारी करायला, असा उपवास मला हवाय का, असं देव लोकांना विचारतो. बायको वाचन चांगलं करते, पल्लेदार वाक्यं तोडत नाही. त्या दिवशी ती एका वाक्यापाशी थांबली, मान वर केली आणि सरळ आमच्या बाकाकडे पाहिलं. आमच्या मागे बसलेल्या काकूंना वाटलं, किती भाव ओतून वाचते.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "फोन बघ हवं तर अर्धा तास." मी बघितला नाही. पण नळ दुरुस्त केला, न बोलता.

पुढच्या आठवड्यात होळी. गुरुवारी इमारतीच्या आवारात होळी पेटली, शेजारच्या वहिनींनी पुरणपोळ्या पाठवल्या, सगळं सुरळीत. अडचण दुसऱ्या दिवशीची. धुळवड नेमकी शुक्रवारी आली, १४ मार्चला. महाराष्ट्रात धुळवडीला मटण नाही म्हणजे दिवाळीला फराळ नाही. आमच्या गच्चीवर दरवर्षी मोठं पातेलं चढतं, वर्गणी सगळ्यांची, आमचीही. वहिनी माहेरच्या कोल्हापूरच्या, मसाला त्यांचा. दर वर्षी ते मटण खाऊन मी दुपारी दोन तास आडवा होतो. या वेळी पैसे दिले, पण जायचं कसं? मुलाचा दुसऱ्या दिवशी इतिहासाचा पेपर होता, त्यामुळे त्याला अभ्यासाचं निमित्त होतं. मला कुठलंच नव्हतं. मी मनात वाक्यं जुळवत होतो, कमी धार्मिक वाटेल आणि उद्धटही वाटणार नाही असं काहीतरी.

सकाळी अकराला वहिनी दारात. तोंडाला रंग, हातात रिकामा वाडगा. म्हणाल्या, "भावजी, आज तुमचा शुक्रवार ना? तुमचा वाटा मी आधीच काढून ठेवलाय, फ्रीजरमध्ये आहे. रविवारी सकाळी नेऊन गरम करा. आणि आज वर येऊन भाकरी आणि कांदा-दही खा, नुसतं घरात बसू नका." रविवारी, शनिवारी नाही; शनिवारी त्यांचा स्वतःचा वार असतो, मारुतीचा, त्यामुळे घरातून मटण बाहेर निघत नाही. म्हणजे आमचा शुक्रवार, त्यांचा शनिवार, या दोन्हींतून वाट काढून ते मटण रविवारी आमच्या ताटात आलं. मुरल्यामुळे जास्तच चांगलं लागलं. आमची मुलगी गच्चीवर मात्र यथेच्छ जेवून आली होती, कारण तिला चौदा पुरी व्हायला अजून अवकाश आहे. तेही तिने मला नियमासकट ऐकवलं.

१७ तारखेला भूगोलाचा पेपर देऊन मुलगा सुटला आणि दोन दिवस झोपला. १९ मार्चला संत जोसेफचा, म्हणजे येशूला वाढवणाऱ्या बापाचा सण. बापांचा सण म्हणून मला त्याचं थोडं अगत्य आहे. सुताराचं काम, परगावी बाळंतपण, रातोरात इजिप्तला पळ, बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमात हरवतो आणि सापडतो तेव्हा उलट उत्तर देतो. इतकं सगळं होऊन शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, या माणसाच्या तोंडी एकही वाक्य नाही. हे बायकोने फार पूर्वीच माझ्या लक्षात आणून दिलेलं आहे, आणि त्या दिवशी पुन्हा दिलं.

या सगळ्या आठवड्यांत आणखी एक गोष्ट चालू होती. पोप फ्रान्सिस १४ फेब्रुवारीपासून रोमच्या जेमेली इस्पितळात होते, दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलगी त्यांचं नाव घ्यायची, आजोबांच्या गुडघ्यांच्या आधी. २३ मार्चला ते घरी गेले अशी बातमी आली तेव्हा तिने प्रार्थनेच्या यादीत आजोबांना वर सरकवलं.

मग आला ३० मार्च. गुढीपाडवा, आणि आमचा प्रायश्चित्तकाळातला चौथा रविवार. या रविवारी फादर जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालतात. अर्धी वाट सरली, थोडा आनंद करा, अशी ही खूण. वर्षातून दोनदाच तो झगा कपाटातून निघतो. आम्ही वाडीतल्या चर्चमध्ये गेलो होतो. दोन्ही बाजूंनी गुढ्या उभ्या असलेल्या रस्त्याने चर्चला पोचलो आणि शुभवर्तमान लागलं ते उधळ्या पुत्राचं.

हा दाखला मी लहानपणापासून ऐकतोय. दोन मुलगे, धाकटा बापाकडे आपली वाटणी मागतो, विकतो, दूर जाऊन उडवतो, भुकेकंगाल होऊन परत येतो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. जगात इतरत्र हा दाखला असेल. वसईत तो बातमीसारखा ऐकू येतो. इथे गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती वाड्यांची वाटणी झाली, किती विहिरी बुजल्या आणि त्यावर किती मजले चढले, हे त्या बाकांवर बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. फादर वाचत होते आणि लोक समोर बघत होते, शेजारी कोणी बघत नव्हतं. माझ्या शेजारी थोरला भाऊ होता. मी धाकटा. रस्त्याकडेची पट्टी विकली तेव्हा बाबांनी माझा वाटा मला दिला, त्यातून फ्लॅटचे पहिले पैसे भरले. भाऊ राहिला. पहाटे केळीला पाणी सोडणं, बाबांना डॉक्टरकडे नेणं, आईच्या गोळ्या, सगळं त्याच्याकडे. आमचं भांडण कधी झालं नाही, मी काही उडवलंही नाही. तरी दाखल्यातला थोरला जेव्हा अंगणातच अडून बसतो आणि म्हणतो की इतकी वर्षं राबलो, मला कधी एक करडू दिलं नाहीस, तेव्हा मला बाकावर नीट बसता येईना.

मिस्सा सुटल्यावर वाडीत पोचलो. दारात चपला काढतोय तोवर भाऊ मागून म्हणाला, "जा आत, पुष्ट वासरू शिजलंय." आत वहिनीने कोंबडीचा रस्सा केला होता. तो हसत होता, मीही हसलो. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

जेवताना माझ्या मुलाने तोंड उघडलं. परीक्षा संपल्यापासून तो आठवड्यातले बरेच दिवस वाडीतच असायचा, काकाबरोबर केळीचे घड उतरवायचा. त्याने आजोबांना विचारलं, "ही वाडी एकूण किती गुंठे आहे?" ताटांवरचे हात थांबले. बायकोने माझ्याकडे पाहिलं, वहिनीने भावाकडे. बाबांनी शांतपणे हाड बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "का रे, गिऱ्हाईक आणलंयस?" पोराला बिचाऱ्याला काही कळेना. त्याला ठिबकच्या नळ्या किती लागतील ते काढायचं होतं. काकाने सांगितलेलं, पाटाने फार पाणी वाया जातं. भूमितीत नुकतंच क्षेत्रफळ करून आलेला. बाबांनी मग त्याला आकडा सांगितला, वर कुठला कोपरा तिरका आहे तेही, आणि जेवण झाल्यावर दोघं टेप घेऊन बाहेर गेले. भाऊ माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढत म्हणाला, "तुझ्यापेक्षा कामाचा आहे." हे कौतुक मी दोघांच्या वतीने स्वीकारलं.

रात्री घरी आलो तर इमारतीतल्या शेजारच्या वहिनींचं श्रीखंड दाराला पिशवीत लटकत होतं. रविवार असल्यामुळे त्यात चॉकलेटची चव असती तरी चाललं असतं, असं मुलगी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ईद, मंगळवारी ऑफिसातून शीरखुर्म्याचा डबा आला. तो बंदीत बसत नाही याची तिने खातरजमा करून घेतली.

झावळ्यांच्या रविवारसाठी भावाने वाडीतल्या माडावर माणूस चढवला आणि कोवळ्या पात्या उतरवल्या. सोमवारी, १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीची सुट्टी होती म्हणून आम्ही पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपली पापं सांगायला, त्या दिवशी गेलो. अर्ध्या वसईनेही तसंच ठरवलं असावं. रांगेत माझ्यापुढे मुलगा. सोळा वर्षांचा पोरगा आत गेल्यावर बापाने बाहेर उभं राहायचं आणि तो किती वेळ आत आहे हे घड्याळात बघायचं नाही, हा माझ्या मते या काळातला सगळ्यात कठीण उपवास. तो बाहेर आला, माझ्याकडे न बघता गुडघे टेकून बसला. मी आत गेलो.

पवित्र गुरुवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या, मिस्सात फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. पूर्वी बाराही पुरुष असत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि बायकाही त्यात आल्या. त्या वर्षी माझ्या बायकोचं नाव होतं. दोन दिवस आधीपासून ती टाचांच्या भेगा घासत बसलेली. "पाय धुवायलाच जातेस ना, मग आधीच का धुतेस?" मुलीने विचारलं. माझ्या आईला हे सगळं काही फारसं पटलेलं नव्हतं, "बायकांचे पाय कशाला?" असं ती दोनदा म्हणाली, पण संध्याकाळी सगळ्यांच्या आधी वाडीतून रिक्षा करून आली आणि पुढून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. फादरांनी बायकोच्या पावलावर पाणी ओतलं, पुसलं. घरातलं सगळ्यांचं सोडलेलं सांभाळणाऱ्या बाईचे पाय कोणीतरी धुतंय, हे बघताना माझ्या डोक्यात फार काही पवित्र विचार नव्हते. हे मी कधी केलं नाही एवढंच येत होतं. आईने नंतर सुनेला सांगितलं, "टाचा छान दिसत होत्या."

गुड फ्रायडेला दुपारी तीनची प्रार्थना, एप्रिलचं ऊन, बाहेर मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या दिवशी मिस्सा नसतो, वेदीवर कापड नसतं, घंटाही वाजत नाही, लाकडी खटखट वाजवतात. घरी पेज आणि लोणचं. मुलीला उपवास लागू नव्हता, पण पापलेट पुढे ठेवलं तरी तिने पेजच घेतली.

शनिवारी रात्री चर्चच्या आवारात दिवे मालवून विस्तव पेटवला, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावली. त्या मेणबत्तीवर क्रूस असतो, अल्फा आणि ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली आणि शेवटची अक्षरं असतात आणि चालू वर्षाचे चार आकडे. तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत गेल्या आणि अंधारात ओळखीचे चेहरे खालून उजळून अनोळखी दिसायला लागले. मग वाचनं. उत्पत्तीपासून सुरुवात, एकामागून एक. इस्राएली लोक तांबड्या समुद्रातून पार व्हायच्या आत मुलगी माझ्या मांडीवर झोपलेली, तिची मेणबत्ती माझ्या नव्या पँटवर गळलेली. "ग्लोरिया" या स्तोत्राला सगळे दिवे आणि घंटा एकदम सुरू झाल्या तेव्हा ती दचकून उठली आणि पहिला प्रश्न तिने विचारला, "आता चॉकलेट?" मध्यरात्र जवळ आली होती. बायकोने पर्समधून एक काढून दिलं. आणलेलं होतं.

ईस्टरच्या सकाळी वाडीत आईने चहा केला. ४६ दिवसांनंतरचा पहिला कप ती ओट्याजवळ उभ्यानेच प्यायली, बसून नाही, आणि लगेच दुसरा ओतला. दुपारी मटण, दुपारीच टीव्हीवर पोप. बाल्कनीत आले, आवाज खोल गेलेला, पण आशीर्वाद दिला, नंतर गाडीतून चौकात लोकांमधून फिरले. "बरे झाले बघ," मुलगी आजोबांना म्हणाली. बरणी आधीच चर्चमध्ये पोचली होती. तिच्यात माझ्यापेक्षा मुलीचे पैसे जास्त निघाले, कारण स्टेशनवरच्या वडापावला रविवारची सूट मी घेत नाही, इतर वारांची घेतो, असं तिने जाहीर केलं. हे तिला कोणी सांगितलं ते मला माहीत आहे.

ईस्टरनंतरच्या सोमवारी आपल्याकडे सुट्टी नसते. डब्यात कालचं मटण होतं. जेवण आवरतोय तोवर रोजेवाल्या मित्राने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. पोप फ्रान्सिस गेले. ८८ वर्षांचे होते. त्याने "सॉरी यार" म्हटलं, जणू माझ्या घरातलंच कोणी गेलं, आणि मला त्याला दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी फोन डब्यात गेला नाही, काळ संपला होता. चौघंही जेवणाच्या टेबलावर तोच एक फोन मधे ठेवून बघत होतो. मुलगा पुढचा पोप कसा निवडतात ते सांगत होता: ८० वर्षांखालचे कार्डिनल, दोन तृतीयांश मतं, काळा धूर, पांढरा धूर. मुलगी विचारत होती की आता त्यांच्यासाठीची प्रार्थना बंद करायची की बदलायची. बायको म्हणाली, बदलायची. तेवढ्यात वाडीतून आईचा फोन आला. तिने बातमी ऐकली होती, चर्चची घंटाही. पोपसाठी आजपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि नऊ दिवस परत चहा बंद.

मुलीने फोन माझ्या हातातून ओढला. "आजी, यात रविवार धरायचा की नाही?"

"तुझ्या आईला दे फोन," आजी म्हणाली.